खुबा झिजल्यावर उठणं, बसणं, चालणं: घरातल्या उंचीपासून एसटीच्या पायरीपर्यंत

आईच्या पायाची नखं बघून मला पहिल्यांदा शंका आली. डाव्या पायाची नीट कापलेली, उजव्याची वाढून बोटाच्या पुढे आलेली. विचारलं तर म्हणाली, "अगं, तिथवर हातच पोचत नाही."

तेव्हा तिच्या उजव्या गुडघ्यावर उपचार चालू होते. सात महिने झाले होते. शेक झाला, मलम झालं, गुडघ्याला पट्टा झाला, गुडघ्यात इंजेक्शन घ्यायची बोलणी चालली होती. एवढ्या दिवसांत तिला उताणं झोपवून, गुडघा दुमडून मांडी आत-बाहेर फिरवून कोणी पाहिली नव्हती. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत ते केलं आणि ती कळवळली. खुब्याचा एक्स-रे काढला, तर मांडीच्या हाडाचा गोळा आणि त्याची वाटी यांच्यामधली फट जवळजवळ संपलेली. दुखणं गुडघ्यात जाणवत होतं, पण मूळ खुब्यात होतं.

त्याला आता आठ वर्षं झाली. एका फिजिओबाईंनी घरी येऊन शिकवलेलं, आम्ही चुकत चुकत शोधलेलं आणि आईने स्वतः बसवलेलं असं बरंच काही साठलं आहे. ज्यांच्या घरी हेच दुखणं आहे त्यांच्यासाठी ते क्रमाने लिहिते. यात औषधं थोडी आणि उठणं-बसणं जास्त आहे. गोळ्या डॉक्टर देतात, पण संडासाची उंची किती हवी हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

आधी दुखणं खुब्याचंच आहे ना?

आपल्याकडे कमरेखालच्या कुठल्याही दुखण्याला "कंबर धरली" म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. खुब्याच्या सांध्याचं दुखणं बहुधा जांघेत, मांडीच्या पुढच्या बाजूला आणि कधी कुल्ल्यात असतं. दाखवा म्हटलं की माणूस बऱ्याचदा अंगठा मागे आणि बोटं पुढे जांघेत ठेवून खुबा मुठीत धरल्यासारखा दाखवतो. आईही तसाच दाखवायची. काहींना फक्त गुडघा दुखतो, कारण खुबा आणि गुडघा या दोघांच्या वेदना काही समान नसांमधून वर जातात.

मांडीच्या बाहेरच्या बाजूला, त्या कुशीवर झोपलं की दुखत असेल, तर त्रास सांध्याऐवजी तिथल्या स्नायूबंधाचा असू शकतो. कळ गुडघ्याच्या खाली पोटरीत, पावलात जात असेल आणि मुंग्या येत असतील, तर पाठीचा मणका तपासायला हवा. झिजेच्या दुखण्यात सकाळी सांधा आखडतो, पण साधारण अर्ध्या तासात सुटतो. त्याहून जास्त वेळ आखडून राहत असेल तर वाताचा दुसरा प्रकार आहे का, हे बघावं लागतं.

आपल्या देशात गुडघ्याची झीज खुब्याच्या झिजेपेक्षा खूप जास्त दिसते. त्यामुळे तिशी-चाळिशीतल्या माणसाच्या जांघेत दुखायला लागलं तर "वयोमानाने" म्हणून सोडून देऊ नका. हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो खचण्याचा एक आजार आहे. जास्त दिवस घेतलेली स्टिरॉइडं आणि दारू ही त्याची नेहमीची कारणं. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ दिसतो आणि एमआरआयमध्ये तो कळतो. लहानपणी निसटलेला खुबा आणि जुनं फ्रॅक्चर हीही कारणं असतात.

पडल्यानंतर पायावर भारच देता येत नसेल, खुब्याच्या दुखण्याबरोबर ताप असेल, किंवा झोपून असतानाही दुखणं थांबत नसेल आणि वजन उतरत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

तीन हालचाली ओळखा, मग घर बदला

खुबा हा उखळीचा सांधा आहे. तो झिजला की तीन गोष्टी अवघड होतात. एक, मांडी पोटाकडे खूप वर घेणं, म्हणजे उकिडवं बसणं, खाली वाकणं, मोजे घालणं. दोन, मांडी फिरवणं. मांडी घालून बसणं किंवा उभ्या पायावर गर्रकन वळणं यात येतं. तीन, सगळा भार त्या एका पायावर घेणं. प्रत्येक पावलाला आणि प्रत्येक पायरीला तो क्षण येतोच.

आम्ही एक दिवस आईच्या मागे मागे फिरून ती कुठे थांबते ते बघितलं. चहाचं आधण ठेवताना काही नाही. डब्यातलं पीठ काढायला खालच्या कप्प्यात वाकली की थांबली. ओट्यावरून वळून फ्रिजकडे गेली की तोंडातून "आई गं". चप्पल घालताना भिंत धरली. संध्याकाळपर्यंत तेरा जागा झाल्या आणि त्या सगळ्या या तीन हालचालींत बसल्या. तुम्हीही एक दिवस हे करा. मग उपाय सोपे होतात: खोल वाकावं लागत असेल तिथे उंची वाढवायची, वळावं लागत असेल तिथे पायाऐवजी सगळं अंग वळवायचं, आणि एका पायावर भार येत असेल तिथे हाताला आधार द्यायचा व पावलांचा क्रम बदलायचा.

वळण्याचं आत्ताच सांगून टाकते. दुखऱ्या पायावर गिरकी घेऊ नका. चार-पाच छोटी पावलं टाकत, घड्याळाच्या काट्यासारखं हळूहळू वळा. आईला ही सवय लागायला महिना लागला, पण ओट्यापाशी येणारी ती कळ याच एका गोष्टीने निम्मी झाली.

काठी कुठल्या हातात?

दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. उजवा खुबा दुखतो तर काठी डाव्या हातात. रस्त्यावर बघितलं तर बरेच जण दुखऱ्या बाजूलाच काठी धरतात, कारण दुखतं तिथे आधार द्यावा असंच मनाला वाटतं.

कारण समजलं की विसरायला होत नाही. आपण एका पायावर उभे राहतो तेव्हा अंगाचं वजन खुब्याच्या आतल्या बाजूला पडतं आणि कंबर त्या बाजूला कलंडू लागते. ती कलंडू नये म्हणून खुब्याच्या बाहेरचे स्नायू जोरात ओढून धरतात. तराजूची एक दांडी आखूड असल्यासारखं हे आहे. आखूड बाजूने तोलायचं तर वजनाच्या दुप्पट जोर लावावा लागतो आणि तो सगळा दाब सांध्यावर येतो. बर्लिनमध्ये कृत्रिम खुब्यांच्या आत मोजयंत्रं बसवून हा दाब प्रत्यक्ष मोजला गेला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या मोजमापांत साध्या चालण्यात अंगाच्या वजनाच्या सुमारे २.४ पट दाब आला, आणि जिना उतरताना सुमारे २.६ पट. म्हणजे साठ किलोच्या बाईच्या खुब्यावर प्रत्येक पावलाला एकशे चाळीस किलोच्या वर. उलट्या हातातली काठी लांबच्या टोकाला असते, म्हणून तिच्यावर थोडा हात टेकला तरी स्नायूंना कमी ओढावं लागतं आणि सांधा हलका होतो.

याच हिशेबाने पिशवी दुखऱ्या बाजूच्या हातात धरायची. ऐकायला उलटं वाटतं, पण चांगल्या बाजूला लटकलेलं ओझं कंबर आणखी कलंडवतं. दुखऱ्या बाजूची हलकी पिशवी उलट तोल सांभाळते. काठी डाव्या हातात, भाजी उजव्या हातात, असं ते आपोआप जमतं. जड सामान मात्र कुठल्याच हातात नको.

उंची अशी मोजा. रोज घालता ती चप्पल पायात हवी. सरळ उभं राहून हात मोकळे सोडा. मनगटावर जिथे घडी पडते तिथपर्यंत काठीची मूठ यायला हवी. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं असेल. चालताना काठी आणि दुखरा पाय एकत्र पुढे, मग चांगला पाय. टोकाचं रबर गुळगुळीत झालं की बदला. मेडिकलच्या दुकानात ते सुटं मिळतं, आणि शहाबादी फरशीवर किंवा पावसाळ्यात झिजलेलं रबर म्हणजे पडायला आमंत्रण.

आई आधी काठीला तयारच नव्हती. तिने वर्षभर छत्री वापरली. छत्री टेकायला नको म्हणून सांगून मी थकले. ती उंचीला कमी पडते, टोक सरकतं आणि दांडा भार घेण्यासाठी नसतो. शेवटी फिजिओबाईंनी तिला आरशासमोर आधी बिनकाठीची आणि मग काठी घेऊन चालवलं. बिनकाठीची चाल बघून आई म्हणाली, "मी एवढी लंगडते?" दुसऱ्या दिवशी काठी आली.

जिना

"चढताना चांगला, उतरताना दुखरा." एवढं पाठ करा. वर जाताना चांगला पाय आधी वरच्या पायरीवर, मग दुखरा पाय आणि काठी. खाली येताना काठी आणि दुखरा पाय आधी खाली, मग चांगला. दोन्ही पाय एका पायरीवर आले की मगच पुढची पायरी. एक हात कठड्याला हवाच. कठडा एकाच बाजूला असेल तर काठी दुसऱ्या हातात घ्या, मग तो दुखऱ्या बाजूचा हात असला तरी चालेल. पाय लटपटत असतील तर उतरताना कठड्याकडे तोंड करून आडवं उतरलं तरी हरकत नाही.

खुर्ची

शिंप्याची टेप घ्या. उभं राहून जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत माप घ्या. बसायची जागा त्याहून सुमारे दोन इंच उंच हवी, म्हणजे बसल्यावर खुबा गुडघ्यापेक्षा थोडा वर राहतो. आईचं माप सोळा इंच आलं, आणि आमचा सोफा बसल्यावर दबून तेरा इंच व्हायचा. ती सोफ्यातून उठताना का कण्हत होती ते त्या टेपने सांगितलं.

खुर्ची कडक बैठकीची, दोन्ही बाजूंना हात असलेली हवी. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे हात असलेल्या दोन सारख्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालायच्या. बैठक थोडी वर येते आणि खुर्ची वाकतही नाही. लग्नाच्या हॉलमध्येही हे सहज करता येतं, मागितली की दुसरी खुर्ची मिळते. मऊ उशी ठेवून उंची वाढवू नका, ती दबते आणि अंग आत रुततं.

उठताना आधी खुर्चीच्या कडेला सरका. दुखरा पाय थोडा पुढे, चांगला पाय मागे घ्या. दोन्ही हातांनी खुर्चीचे हात दाबून उठा. उठल्याबरोबर चालू लागू नका. आई उभी राहून एकदा "श्रीराम जय राम जय जय राम" म्हणते आणि मगच पाऊल टाकते. तेवढ्यात सांधा मोकळा होतो. आणि अर्ध्या तासापेक्षा जास्त सलग बसू नका. मालिकेच्या जाहिराती लागल्या की उठायचं, एवढी खूण पुरते.

संडास आणि बाथरूम

याबद्दल घरात कोणी बोलत नाही आणि सगळ्यात जास्त हाल इथेच होतात. आई पाणी कमी पिऊ लागली होती, बाहेर जाणं टाळत होती, बहिणीकडे मुक्कामाला जाणं तर बंदच केलं होतं. कारण एकच: उकिडवं बसणं. उकिडवं बसताना मांडी पोटापर्यंत वर यावी लागते. झिजलेला खुबा तेवढा वाकत नाही, म्हणून माणूस भिंत, नळ, दाराची कडी, जे हाताला येईल ते धरून खाली जातो.

कमोड बसवता येत असेल तर बसवा, आणि त्याचंही माप वरच्याच टेपने घ्या. बाजारातले बरेच कमोड अशा लोकांना ठेंगणे पडतात. त्यांच्यावर बसवायची उंच सीट मिळते. ती स्क्रूने घट्ट बसणारी घ्या, नुसती ठेवलेली सरकते. भाड्याच्या घरात फोडाफोडी करता येत नसेल तर मध्ये भोक असलेली कमोड खुर्ची इंडियन संडासावर ठेवता येते. घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. भांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवायचे उंचवटे असतात, खुर्चीचे चारही पाय त्यांच्या बाहेर सपाट फरशीवर टेकले पाहिजेत. आणि पायांना रबरी टोप्या हव्यात. आधी संडासाची रुंदी मोजून दुकानात जा. आम्ही न मोजता आणली आणि ती दारातून आतच गेली नाही.

पाण्याचा नळ खाली असतो आणि वळून वाकावं लागतं, म्हणून हाताने धरायचा फवारा बसवून घ्या. धरायला भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा हवा. टॉवेल वाळत घालायचा दांडा अंगाचा भार घेत नाही, तो भिंतीतून उपटून येतो. कडी आतून लावू नका. दार आतल्या बाजूला उघडत असेल आणि माणूस दाराला टेकून पडला, तर बाहेरून उघडता येत नाही.

अंघोळीचा छोटा पाट किंवा वीतभर उंचीचं स्टूल काढून टाका. अंघोळीलाही खुर्चीच्या उंचीचं, पायांना रबर असलेलं स्टूल हवं. लोक इथपर्यंत करतात आणि बादली खालीच ठेवतात, मग प्रत्येक तांब्याला वाकणं येतंच. बादली दुसऱ्या भक्कम स्टुलावर ठेवा. भरलेली बादली उचलायची नाही; रिकामी बादली स्टुलावर ठेवून नळाला नळी लावून भरा. पावलं घासायला लांब दांड्याचा ब्रश घ्या. उंबरठा ओलांडताना जिन्याचाच नियम: आत पायरी खाली असेल तर दुखरा पाय आधी. रात्रीसाठी पलंगापासून संडासापर्यंत मंद दिवा चालू ठेवा आणि वाटेतली पायपुसणी उचला.

जमिनीवर बसायलाच नको का?

सांधा ज्या कोनात जात नाही तिथे त्याला रेटायचं नाही, एवढाच नियम. काहींना एका बाजूला पाय घेऊन बसता येतं, काहींना अजिबात नाही. आईने मांडी घालून बसणं सोडलं. पण जमिनीवरून उठता येणं प्रत्येकाला यायला हवं, कारण माणूस कधी ना कधी पडतो. घरात कोणी असताना पलंगाशेजारी हे दोन-चारदा करून ठेवा:

१. समोर भक्कम खुर्ची किंवा पलंगाची कड घ्या.
२. कुशीवर वळून हात आणि गुडघ्यांवर या, रांगतो तसं.
३. दोन्ही हात खुर्चीवर टेका.
४. चांगल्या पायाचं पाऊल पुढे घेऊन जमिनीवर सपाट ठेवा. दुखऱ्या बाजूचा गुडघा जमिनीवरच राहू दे.
५. हात आणि चांगला पाय यांच्या जोरावर उठा आणि वळून खुर्चीवर बसा.

पडल्यावर आधी पडूनच राहा आणि काही मोडलं आहे का त्याचा अंदाज घ्या. जांघेत जबर दुखत असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल तर उठायचा प्रयत्न करू नका. घरच्यांनीही बगलेत हात घालून ओढू नये.

कपडे, चपला आणि ती नखं

कपडे घालताना दुखरा पाय आधी, काढताना दुखरा पाय शेवटी. उभ्याने नाही, पलंगाच्या कडेवर बसून. परकर डोक्यावरून घाला. सलवार किंवा पायजम्यासाठी आईने स्वतः युक्ती काढली. जुन्या परकराची नाडी कापून दोन तुकडे केले, प्रत्येकाच्या टोकाला कपडे वाळत घालायचा चिमटा बांधला. ते चिमटे कमरेच्या पट्टीला दोन्ही बाजूंना लावायचे, सलवार जमिनीवर सोडायची, पाय आत घालायचे आणि नाड्या ओढून गुडघ्यापर्यंत वर आणायची. पुढचं हाताने होतं. चिमटे पलंगाच्या दांडीला लटकलेले असतात.

पट्टा नसलेली सैल चप्पल बोटांनी पकडून चालावं लागतं, ती टाळा. मागे पट्टा असलेली, रबरी तळाची, पाय सरकवून घालता येईल अशी घ्या. लांब दांड्याचं शूहॉर्न मिळतं, त्याने बूटही वाकल्याशिवाय घालता येतो. एक पाय आखूड वाटतो म्हणून स्वतःच्या मनाने टाच उंच करून घेऊ नका. बऱ्याचदा सांधा आखडल्याने पाय आखूड भासतो. ते मोजून ठरवावं लागतं.

नखं दुसऱ्याने कापायची. अंघोळीनंतर ती मऊ असतात. मधुमेह असेल तर जास्त जपून.

झोप

जमिनीवरची गादी सोडून पलंग घ्या. तो ठेंगणा असेल तर सुताराकडून पायांखाली खाच पाडलेले लाकडी ठोकळे करून घ्या. चांगल्या कुशीवर झोपून दोन्ही गुडघ्यांमध्ये जाड उशी घेतली की वरची मांडी आत पडत नाही आणि खुबा ओढला जात नाही. उताणं झोपताना गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, पण रोज रात्रभर तसं झोपलं तर सांधा वाकलेलाच आखडतो. त्याला उतारा म्हणून सोसत असेल तर दिवसातून दहा मिनिटं पालथं झोपा.

सकाळी एकदम उठू नका. अंथरुणातच टाच सरकवत गुडघा दहा वेळा दुमडा आणि सरळ करा. मग कुशीवर वळून पाय खाली सोडा आणि कोपर-हाताच्या जोरावर बसा.

स्वयंपाक आणि देवघर

विळी सुटली याचं आईला खरं वाईट वाटलं. टेबलावर सुरीने चिरणं तिला अजूनही मनापासून आवडत नाही, पण ती करते. रोजचे डबे कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत आणा. ओट्यापाशी उंच स्टूल ठेवा, अर्धवट टेकून पोळ्या लाटता येतात. उभं राहायचंच असेल तर एक पाय छोट्या पाटावर ठेवा आणि मधूनमधून पाय बदला. खाली पडलेलं उचलताना एका हाताने ओटा धरा, दुखरा पाय मागे सरळ जाऊ द्या आणि चांगल्या पायावर भार ठेवून पुढे झुका. झाडू-पोछा लांब दांड्याचा.

देवघर उचलून टेबलाच्या उंचीवर नेलं. रांगोळी ती आता लाकडी पाटावर काढते, पाट टेबलावर ठेवून. झाली की मी तो पाट दारात नेऊन ठेवते. दिवाळीत पाच दिवस पाच पाट असतात.

घराबाहेर

रिक्षावाल्याला सांगा की फुटपाथला चिकटून घ्या, म्हणजे पायरीची उंची कमी होते. दांडी धरून चांगला पाय आधी वर. उतरताना दुखरा पाय आधी खाली. गाडीत बसताना पुढची सीट पूर्ण मागे सरकवून घ्या. गाडीकडे पाठ करा, आधी बसा आणि मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत फिरवा. सीटवर एक प्लास्टिकची पिशवी अंथरली की अंग सहज सरकतं. बसून झाल्यावर ती काढून टाका.

एसटीची पहिली पायरी उंच असते. काठी आधी बरोबरच्या माणसाकडे द्या आणि दोन्ही हातांनी दांडे धरा. महाराष्ट्रात ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट. त्यामुळे वरचेवर, थोड्या अंतराचा प्रवास करायला पैशाची अडचण येत नाही. रेल्वेत ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या बायका यांच्यासाठी खालच्या बर्थचा कोटा आहे. तिकीट काढताना तो पर्याय निवडा. चालण्यावर कायमची मोठी मर्यादा आली असेल तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी तपासणी करून घेता येते. २०१६ च्या कायद्याखालच्या बहुतेक सवलती ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाला मिळतात.

हळदीकुंकवाला जाणं आईने दोन वर्षं बंद ठेवलं होतं, कारण सगळ्या जणी सतरंजीवर बसतात आणि आपण एकटीच खुर्चीवर कसं बसायचं. आता ती निघण्याआधी फोन करून सांगते, "मला एक खुर्ची लागेल." परवाच्या संक्रांतीला एका घरी चार खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि चारही भरल्या.

व्यायाम

दुखतं म्हणून हालचाल थांबवली की बाहेरचे स्नायू ढिले पडतात, लंगडणं वाढतं आणि सांध्यावर जास्त भार येतो. डॉक्टरांसाठी उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने ऑक्टोबर २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेवर जी मार्गदर्शक सूचना काढली, तिच्यात व्यायाम आणि गरज असेल तर वजन कमी करणं हेच मुख्य उपचार आहेत. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून ग्लॅड नावाचा कार्यक्रम चालतो, त्यातही आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे देखरेखीखाली व्यायामच असतो.

आईचे चार व्यायाम असे. उताणं झोपून गुडघे दुमडायचे आणि कंबर वर उचलायची. ओटा धरून सरळ उभं राहायचं आणि पाय बाजूला न्यायचा, अंग कलू द्यायचं नाही. तसाच पाय मागे न्यायचा. आणि उंच खुर्चीवरून हात न लावता उठायचं-बसायचं, जमेल तेवढं. प्रत्येकी दहा वेळा, आठवड्यातून तीन-चार दिवस. त्याशिवाय सपाट रस्त्यावर चालणं. एकदम अर्धा तास जमत नसेल तर दहा-दहा मिनिटं तीनदा.

व्यायाम करताना थोडं दुखणार. सोसण्याइतकं असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीइतकंच असेल तर ठीक. दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं तर संख्या निम्मी करा, बंद करू नका. फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात. आईने तिसऱ्या आठवड्यात "काही उपयोग नाही" म्हणून सोडले होते, म्हणून मुद्दाम लिहिते.

गोळ्या आणि ऑपरेशन

दुखण्याच्या गोळ्या पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांना त्रास देऊ शकतात. डॉक्टरांनी सांगितल्या तर कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस. सांध्यांसाठी म्हणून विकलं जाणारं ग्लुकोसामाइन देऊ नये असं नाइसच्या त्याच सूचनेत स्पष्ट आहे. त्यावर महिन्याला जाणारे पैसे आम्ही फिजिओकडे वळवले.

खुबा बदलण्याच्या ऑपरेशनला घाबरून वर्षानुवर्षं घरात बसू नका. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये जॉन चार्न्ली यांनी त्याचं आजचं रूप घडवलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आढाव्यात असे सुमारे ५८ टक्के खुबे २५ वर्षं टिकलेले दिसले. ७० वर्षं आणि त्यावरच्यांना उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. जवळचं कुठलं हॉस्पिटल त्यात खुब्याचं ऑपरेशन करतं ते आधी विचारा. आणि ऑपरेशन झाल्यावर इथलं सगळं जसंच्या तसं करू नका. नव्या सांध्याचे, किती वाकायचं आणि पाय कसा वळवायचा याचे नियम तुमचे सर्जन सांगतील तेच पाळा.

ऑपरेशन कधी, हे ठरवताना एक्स-रेइतकीच रोजच्या जगण्याचीही माहिती डॉक्टरांना लागते. "खूप दुखतं" म्हणून त्यांना काही कळत नाही. आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर एक तारखेला पाच गोष्टी लिहिते: न थांबता किती मिनिटं चालले, रात्री दुखण्याने किती वेळा जाग आली, जिना कठडा धरून किती मजले झाला, परकर स्वतः घातला का, गोळी किती दिवस घेतली. मार्चच्या पानावर "१२ मिनिटं, १, दोन मजले, हो, ३ दिवस" असं आहे. त्याखाली तिने बारीक अक्षरात सहावी ओळ घातली आहे: नखं, लेकीने कापली.